‘येस’च्या पुढचं इंग्रजी: स्थलांतरित कामगारांना शिकवू पाहणाऱ्यांसाठी

परक्या देशात कामाला आलेल्या माणसाच्या तोंडी सगळ्यात आधी बसणारा इंग्रजी शब्द म्हणजे ‘येस’. सुपरवायझर भरभर काहीतरी सांगून जातो. अर्धं कळलं तरी ‘येस’, काहीच कळलं नाही तरी ‘येस’. ‘कळलं नाही’ म्हणायला लागणारी वाक्यं त्याला कुणी दिलेली नसतात, शिवाय पुन्हा विचारलं तर आपण कामाचे नाही असं ठरेल ही धास्ती असते. मग चुकीचा व्हॉल्व्ह फिरतो, चुकीच्या तारखेला सुट्टी पडते, पगारातून कापलेल्या रकमेवर मुकाट सही होते.

म्हणून माझा आग्रह असा की आधी उलट विचारायचं इंग्रजी शिकवा. सांगितलेलं काम करण्यापुरतं इंग्रजी माणूस कामावर कसंबसं उचलतोच. समोरच्याला थांबवायचं, विचारायचं, नाही म्हणायचं इंग्रजी तिथे कुणी शिकवत नाही. ते काम तुमचं.

वर्ग काढण्याआधी

उत्साहाच्या भरात स्वतःचा नवा वर्ग काढू नका. सार्वजनिक ग्रंथालयं, कामगार संघटना, प्रार्थनास्थळं आणि स्थलांतरितांसाठी काम करणाऱ्या संस्था असे वर्ग बऱ्याच ठिकाणी चालवतात. तिथे आधी मदतनीस म्हणून बसा. फळ्यापासून लांब, एखाद्या विद्यार्थ्याशेजारी बसून जे कळतं ते कुठल्याही प्रशिक्षणात कळत नाही. संस्था तुमची ओळखपत्रं मागेल, पूर्वचारित्र्य तपासेल. त्याचा राग मानू नका, ते विद्यार्थ्यांच्या भल्यासाठीच असतं.

जागा कुठली हा प्रश्न वाटतो त्यापेक्षा मोठा आहे. मालकाने कामाच्या ठिकाणीच खोली दिली तर येणं-जाणं वाचतं, हजेरी चांगली राहते. पण त्या खोलीत पगार, सुट्टी, दुखापत यांबद्दल कुणी तोंड उघडणार नाही आणि तुमचा अर्धा अभ्यासक्रम तिथेच बाद होईल. मालकाची जागा घ्यायचीच असेल तर वर्गात सुपरवायझर बसणार नाही आणि हजेरीचा कागद व्यवस्थापनाकडे जाणार नाही, हे आधी ठरवून घ्या. जमत असेल तर बाहेरची जागा बघा.

वेळ त्यांच्या शिफ्टवरून ठरते. दर आठवड्याला शिफ्ट बदलणारे लोक असतील तर एकच धडा आठवड्यात दोन वेगवेगळ्या वेळांना घ्यावा, म्हणजे माणूस कुठल्यातरी एका वेळेला येऊ शकतो. स्वतःपुरतं म्हणाल, तर सलग दहा-बारा आठवडे देता येत असतील तरच हात घाला. चार आठवड्यांनी गायब होणाऱ्या शिक्षकामुळे लोकांचा पुढच्या शिक्षकावरचाही विश्वास उडतो.

‘माझंच इंग्रजी कुठे एवढं चांगलं आहे’ हा संकोच पुष्कळांना असतो. तुम्ही स्वतः इंग्रजीत नोकरी किंवा व्यवहार सांभाळत असाल तर या पातळीला ते पुरतं. इंग्रजी ही तुमची शिकलेली भाषा असेल तर उलट फायदाच. माणूस कुठे अडखळतो ते तुम्हाला आतून माहीत असतं. ज्याची इंग्रजी मातृभाषा आहे त्याला बहुतेक वेळा कळतच नाही की यात अवघड काय आहे.

पहिली भेट: परीक्षा नको, गप्पा हव्यात

पहिल्या दिवशी प्रश्नपत्रिका देऊ नका. शाळेत मार खाल्लेली, शाळा सुटलेली माणसं समोर असू शकतात आणि कोरा कागद पाहून त्यातली काही पुन्हा येत नाहीत. एकेकाशी पाच-सात मिनिटं बोला. नाव, काम काय, किती वाजता सुरू होतं, कामावर कुणाशी बोलावं लागतं. मग एक अगदी साधा फॉर्म पुढे करा: नाव, फोन, तारीख, सही. आणि फॉर्मकडे नाही, हाताकडे बघा. पेन सहज धरलंय का? नाव लिहिताना फोनमधून उतरवून घेतंय का? ‘चष्मा विसरलो’ म्हणत फॉर्म शेजाऱ्याकडे सरकवतंय का?

यातून तीन प्रकारची माणसं वेगळी होतात. कुठल्याच भाषेत लिहिता-वाचता न येणारी, स्वतःच्या लिपीत सराईत पण रोमन लिपी नवी असलेली, आणि रोमन लिपी येणारी. हा फरक बोलण्याच्या पातळीपेक्षा महत्त्वाचा आहे. आठ-दहा वर्षं परदेशात राहून फाडफाड बोलणारा माणूस वाचू शकत नाही, आणि पदवीधर माणूस वाक्य लिहून दाखवतो पण तोंड उघडत नाही, असं नेहमी दिसतं. युरोपीय परिषदेने (काउन्सिल ऑफ युरोप) २००१ साली प्रसिद्ध केलेली ए१ ते सी२ ही भाषाज्ञानाच्या सहा पातळ्यांची चौकट सगळीकडे वापरली जाते. पण ती बरीचशी शाळा शिकलेला माणूस गृहीत धरते. म्हणूनच परिषदेने २०२२ मध्ये कमी शाळा झालेल्या किंवा अजिबात न शिकलेल्या स्थलांतरित प्रौढांसाठी वेगळा मार्गदर्शक आराखडा काढला. तुम्हाला पातळ्यांची नावं पाठ हवीत असं नाही. बोलणं, ऐकणं, वाचणं आणि लिहिणं या चारांची नोंद प्रत्येकासाठी वेगवेगळी ठेवा, एवढं पुरे.

या भेटीत काय विचारायचं नाही तेही ठरवून ठेवा. व्हिसा कुठला, कागदपत्रं आहेत का, का आलात, घरी कोण कोण आहे. पाठ्यपुस्तकं ‘माय फॅमिली’ने सुरू होतात. पण लहान मुलं मागे ठेवून आलेल्या बाईला पहिल्याच तासाला कुटुंबाचं चित्र काढायला लावणं हे मला क्रूर वाटतं. लोकांना सांगायचं असेल तेव्हा ते आपणहून सांगतात.

अभ्यासक्रम कुठून आणायचा

त्यांच्या कालच्या दिवसातून. दुसऱ्या भेटीत फळ्यावर सकाळ, काम, जेवणाची सुट्टी, संध्याकाळ असे कप्पे पाडा आणि एकच प्रश्न विचारा: काल इंग्रजी कुठे लागलं आणि तेव्हा तुम्ही काय केलंत? गटात एकमेकांची भाषा जाणणारे असतील तर आधी त्यांच्या भाषेत बोलू द्या. उत्तरं अशी येतात: ड्रायव्हरने काहीतरी विचारलं, मी मान हलवली. बाईसाहेबांचा मेसेज आला, मी मैत्रिणीला पाठवून अर्थ विचारला. मशीनवर लाल दिवा लागला, मी तसाच उभा राहिलो. प्रत्येक उत्तरात एक धडा आहे.

पुढच्या वेळेला फोनमध्ये फोटो आणायला सांगा: सूचनाफलक, रसायनाच्या कॅनवरचं लेबल, ड्यूटीचा तक्ता, पगारपत्रक. कामाच्या ठिकाणी फोटो काढायला मनाई असेल तर फलक आठवून कागदावर काढला तरी चालेल. त्यासाठी कुणाची नोकरी धोक्यात घालायची नाही. पगारपत्रकावरचं नाव आणि आकडे झाकूनच आणायचे.

ही युक्ती नवी नाही. ब्राझीलमधल्या अंजिकोस गावात १९६३ मध्ये शिक्षणतज्ज्ञ पाउलो फ्रेरे यांनी सुमारे ३०० प्रौढांसाठी ४० तासांचा साक्षरता कार्यक्रम चालवला. त्यांच्या पद्धतीत शिकवणारे आधी वस्तीत फिरून लोकांच्या बोलण्यातले शब्द गोळा करत आणि त्यातल्या निवडक शब्दांवर वाचन उभं करत. वीट हा त्यांच्या पद्धतीचं उदाहरण म्हणून नेहमी दिला जाणारा शब्द. माणूस वीट वाचायला शिकतो तेव्हा ती कोण उचलतं, तिची मजुरी किती, हेही बोलणं निघतं. त्या काळी ब्राझीलमध्ये निरक्षराला मताचा अधिकार नव्हता, हे लक्षात घेतलं की पुढच्याच वर्षी लष्कराने सत्ता घेतल्यावर फ्रेरे तुरुंगात का गेले ते कळतं. तुमच्या वर्गातही ओळखीच्या शब्दाबरोबर ओळखीची तक्रार येणार. तिची तयारी ठेवा, त्याबद्दल खाली लिहिलंय.

पहिले दोन-तीन वर्ग: उलट विचारणं

व्याकरणाच्या क्रमाने जाल तर ‘आय ॲम, यू आर’मध्येच महिना जाईल. त्याऐवजी ही वाक्यं तोंडात बसवा: ‘सॉरी, से दॅट अगेन प्लीज.’ ‘स्लोली, प्लीज.’ ‘शो मी.’ ‘लाइक धिस?’ ‘धिस वन ऑर दॅट वन?’ ‘कॅन यू राइट इट?’ ‘आय डोन्ट अंडरस्टँड.’ आणि सगळ्यात कठीण: ‘वेट. इज इट सेफ?’ व्याकरण न समजावता ती आख्खीच्या आख्खी शिकवा. पाठ झालेलं वाक्य अडचणीच्या क्षणी सुटतं, नियम सुटत नाही.

पाठोपाठ ऐकलेलं परत म्हणून दाखवायची सवय लावा. विमान चालवणाऱ्याला नियंत्रण कक्षाने परवानगी दिली की त्याने ती परत वाचून दाखवायची आणि कक्षाने ती तपासायची, असा नियमच आहे. नुसतं ‘रॉजर’, म्हणजे ‘ऐकलं’, म्हणून भागत नाही. कामगारालाही तेच शिकवा: ‘सो, फर्स्ट फ्लोअर, देन टॉयलेट्स, देन आय कॉल यू. ओके?’ यात विचारणाऱ्याचा अपमान होत नाही आणि सांगणाऱ्याचाही. ‘मला समजलं नाही’ म्हणायला जो लाजतो तो हे सहज म्हणतो. माझ्या मते अख्ख्या अभ्यासक्रमात याहून उपयोगी काही नाही.

सराव मात्र गोड आवाजात करू नका. तुम्ही घाईतल्या सुपरवायझरचं सोंग घ्या. पाठ फिरवून, चालता चालता, अर्धं वाक्य गिळून सूचना द्या. ती पूर्ण समजू नये हाच हेतू. समोरच्याने तुम्हाला थांबवलं की तो जिंकला. पहिल्यांदा सगळे हसतात, मान हलवतात आणि ‘येस’ म्हणतात. दोन-तीन फेऱ्यांनंतर कुणीतरी जोरात ‘वेट!’ म्हणतं आणि वर्गाचा रंग बदलतो.

दीड तासाचा एक धडा

समजा विषय आहे शिफ्ट बदलून मागणं. पहिली दहा-पंधरा मिनिटं असं काहीतरी ठेवा ज्यात उशिरा येणारा मध्येच शिरू शकेल, उदाहरणार्थ मागच्या वेळच्या वाक्यांच्या चिठ्ठ्यांचा पत्त्यांसारखा खेळ. काम संपवून येणारे लोक वेळेवर येतीलच असं नाही आणि उशिरा आलेल्याला दारातच लाज वाटली तर तो पुढच्या वेळी येत नाही.

मग ऐकवणं. एखाद्या मित्राकडून नेहमीच्या वेगात दोन वाक्यं ध्वनिमुद्रित करून आणा: ‘हाय, यू आर ऑफ ऑन मंडे, बट कॅन यू डू सॅटर्डे? सिक्स टिल टू.’ तीनदा ऐकवा. पहिल्यांदा फक्त वार कुठले ते विचारा. दुसऱ्यांदा वेळ. तिसऱ्यांदा, त्या दिवशी काम आहे की सुट्टी? ‘ऑफ’ इथे खरा अडसर ठरतो, कारण याच लोकांनी ‘टर्न ऑफ’ मशीन बंद करण्यासाठी ऐकलेलं असतं.

‘समजलं का?’ हा प्रश्न वर्गातून हद्दपार करा. त्याचं उत्तर तुम्हाला आधीच माहीत आहे. ‘सोमवारी कामावर जायचं का? शनिवारी किती वाजता सुटका?’ असं विचारा, म्हणजे समजलं की नाही ते उत्तरातून दिसेल.

पुढची वीसेक मिनिटं सहा-सात ओळींच्या संवादाची. आधी तुम्ही आणि एक विद्यार्थी, मग सगळे एकदम, मग जोड्या. फळ्यावरचा संवाद दर फेरीला थोडा पुसत जा, शेवटी नुसती पहिली अक्षरं उरू देत. त्यानंतर जोडीतल्या दोघांना एकाच आठवड्याचे दोन तक्ते द्या. एकात जे रकाने भरलेत ते दुसऱ्यात कोरे. एकमेकांचा कागद न बघता, फक्त विचारून ते भरायचे. दीड तासातला सर्वात मोलाचा वेळ हाच, कारण इथे बोलण्यावाचून गत्यंतर नसतं. अशा वेळी शिक्षकाने कोपऱ्यात गप्प उभं राहावं. ते जमायला स्वतःला बरंच आवरावं लागतं.

शेवटी लिहिणं, पण निबंध नाही. सुपरवायझरला पाठवायचा दोन ओळींचा मेसेज: ‘सॉरी, आय कॅनॉट वर्क सॅटर्डे. कॅन आय वर्क संडे?’ प्रत्येकाने तो स्वतःच्या फोनमध्ये टाइप करून जपून ठेवायचा. जाताना प्रत्येकाने एक वाक्य सांगायचं, जे तो या आठवड्यात खरोखर वापरणार आहे.

चुका सुधाराव्यात, पण मोजक्या. बोलणं चालू असताना अडवू नका, ऐकलेल्या दोन-तीन चुका नंतर नाव न घेता फळ्यावर लिहा. ‘ही गो’ म्हणणाऱ्याचं काम अडत नाही. ‘शुक्रवारी’ऐवजी ‘गुरुवारी’ म्हणणाऱ्याचं अडतं.

उच्चार आणि आकडे

ॲक्सेंट काढून टाकायच्या फंदात पडू नका. जिथे अर्थ उलटतो तेवढंच दुरुस्त करा आणि त्यात पहिला नंबर ‘कॅन’ आणि ‘कान्ट’चा. शेवटचा ‘ट’ गिळला गेला की नकाराचा होकार होतो. पूर्ण ‘कॅनॉट’ म्हणायला शिकवा, प्रश्न मिटतो. दुसरा नंबर ‘थर्टीन-थर्टी’, ‘फिफ्टीन-फिफ्टी’. कान तयार होईपर्यंत ‘वन-फाइव्ह ऑर फाइव्ह-झिरो?’ हा हुकमी प्रश्न द्या. तारखेचं लिहिणं देशानुसार उलटं होतं, कुठे दिवस आधी, कुठे महिना. म्हणून फॉर्मवर महिना अक्षरांत लिहायची सवय बरी.

कोण कुठे अडखळणार ते मातृभाषेवरून थोडंफार कळतं. अरबी बोलणाऱ्याला ‘प’ जड जातो आणि तो ‘ब’ होतो. स्पॅनिश बोलणारा ‘स्टॉप’च्या आधी ‘ए’ लावतो. व्हिएतनामी बोलणाऱ्याचं शब्दाच्या शेवटचं व्यंजन हरवतं. ‘व्ही’ आणि ‘डब्ल्यू’ आपण मराठी माणसंही एकच करतो, तेव्हा तिथे फार शहाणपणा शिकवू नका.

फोनवर स्वतःचं नाव अक्षर-अक्षर सांगता येणं हे प्रत्येकाला हवं असतं. ‘ए’, ‘ई’ आणि ‘आय’ यांचा गोंधळ सगळ्यांचाच होतो. १९५६ पासून विमानसेवेत रूढ असलेली अल्फा, ब्राव्हो, चार्ली ही वर्णमाला पूर्ण नको, स्वतःच्या नावापुरती पाठ करून घ्या.

ज्यांना वाचताच येत नाही

यांच्यासाठी शक्य असेल तर वेगळा स्वयंसेवक हवा. नसेल तर वर्गातला निदान अर्धा तास. लहान मुलांची चित्रपुस्तकं त्यांच्यासमोर ठेवू नका. समोरचा माणूस क्रेन चालवतो किंवा दोन घरं सांभाळतो, त्याला सफरचंदाचं चित्र दाखवून काय साधणार?

सुरुवात त्याच्या नावापासून. मग रोज दिसणारे शब्द: एक्झिट, पुश, पुल, स्टॉप, डेंजर. देवनागरी, अरबी, थाई अशा लिप्यांत मोठं आणि लहान अक्षर हा प्रकारच नसतो. त्यामुळे फलकावरचा मोठ्या अक्षरांतला ‘डेंजर’ आणि कागदावरचा लहान अक्षरांतला ‘डेंजर’ एकच आहे हेही शिकवावं लागतं. फलकांचे आकार आणि रंग वाचता न येणाऱ्यालाही लगेच शिकता येतात: आंतरराष्ट्रीय मानकानुसार तिरकी रेघ असलेलं लाल वर्तुळ म्हणजे मनाई, निळं वर्तुळ म्हणजे करायलाच हवं, पिवळा त्रिकोण म्हणजे सावध, हिरवा चौकोन म्हणजे बाहेर पडायची वाट किंवा प्रथमोपचार. रसायनांच्या लेबलांच्या जागतिक पद्धतीत संकेतशब्द दोनच आहेत, ‘डेंजर’ आणि ‘वॉर्निंग’, आणि त्यातला ‘डेंजर’ अधिक गंभीर. साफसफाईच्या कामातल्या माणसाला हे दोन शब्द ओळखता येणं पहिल्या महिन्यातच व्हायला हवं.

वाचनासाठी मजकूर तोच सांगेल. तो आपल्या कामाबद्दल तीन-चार वाक्यं बोलतो, तुम्ही ती मोठ्या अक्षरात लिहिता. शब्द ओळखीचे, अर्थ आधीच माहीत, त्यामुळे डोळ्यांना फक्त अक्षरांचं काम उरतं. मग त्याच वाक्यांच्या पट्ट्या कापून क्रम लावायचा. बाळबोध वाटतं, पण स्वतःचं बोलणं कागदावर ओळखू येण्यातला आनंद मोठ्यांना फार असतो.

मिश्र पातळी आणि गैरहजेरी

दोन्ही टळत नाहीत. धडा मागच्या धड्यावर अवलंबून ठेवू नका, दर वर्ग आपापला पूर्ण असावा. पुढे गेलेल्यांना त्याच संवादात ग्राहकाची, सुपरवायझरची किंवा डॉक्टरची भूमिका द्या, ती भूमिका अवघड असते. मातृभाषेला बंदी घालू नका. शेजाऱ्याने अर्ध्या मिनिटात सांगितलेला अर्थ तुमच्या पाच मिनिटांच्या हावभावांपेक्षा सरस. चुकलेल्यांसाठी धड्यातली पाच वाक्यं व्हॉइस मेसेजने पाठवा. गटात फोन नंबर सगळ्यांना दिसतात, त्यामुळे आधी परवानगी घ्या, विशेषतः बायकांची.

पगारपत्रक वर्गात आलं की

ग्रॉस, नेट, डिडक्शन, ओव्हरटाइम, अनपेड लीव्ह. हे शब्द शिकवाल त्या दिवशी कुणीतरी वर्ग संपल्यावर मागे थांबेल. पगार कापलाय, पासपोर्ट मालकाकडे आहे, दुखापत झाली पण कुणाला सांगितलं नाही. म्हणून हा धडा घ्यायच्या आधीच तिथली विश्वासू कायदा-मदत संस्था, कामगार कार्यालय, संघटना, वकिलात आणि आपत्कालीन क्रमांक यांची यादी तयार ठेवा आणि ती सगळ्या वर्गाला द्या, म्हणजे कुणाला हात वर करून मागावी लागत नाही.

ओळखपत्रं स्वतःजवळ ठेवणं हा कामगाराचा हक्क आहे. घरकाम करणाऱ्यांसाठी आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या २०११ च्या १८९ क्रमांकाच्या करारात तसं स्पष्ट कलम आहे आणि ओळखपत्रं अडकवून ठेवणं व पगार रोखणं ही दोन्ही सक्तीच्या मजुरीची लक्षणं म्हणून संघटनेने नोंदली आहेत. करार त्या देशाने स्वीकारलाय का, तिथला कायदा काय म्हणतो, हे जाणकाराने सांगायचं. तुम्ही मालकाला परस्पर फोन करायचा नाही. तुमच्या एका तावातावाच्या फोनची किंमत दुसऱ्याला मोजावी लागते आणि ती नोकरीपासून देश सोडण्यापर्यंत काहीही असू शकते. ऐका, यादी द्या, हवं तर सोबत जा, आणि निर्णय त्यांचा त्यांना घेऊ द्या. ऐकलेलं बाहेर बोलू नका. वर्गाचे फोटो समाजमाध्यमांवर टाकू नका, कुणी हसून ‘हो’ म्हटलं तरी. तो ‘हो’ही बहुधा तोच जुना ‘येस’ असतो. पैसे उसने देण्याघेण्याचंही सुरुवातीलाच नाही म्हणा.

मोजायचं काय, लिहायचं काय

महिन्यातून एकदा वर्गाला विचारा: या महिन्यात कामावर कुणाला थांबवून पुन्हा विचारलंत? काय म्हणालात? समोरचा काय म्हणाला? मला प्रमाणपत्रापेक्षा या उत्तरांवर जास्त भरवसा वाटतो. ‘विचारलं, पण तो चिडला’ असं उत्तर आलं तर तोच पुढचा धडा. त्याच प्रसंगाचं सोंग करा आणि चिडलेल्या माणसाला शांतपणे तेच पुन्हा कसं विचारायचं ते घोटून घ्या.

आणि एक वही ठेवा, जी तुमच्यानंतर येणाऱ्याला मिळेल. कुठला धडा झाला, कुठलं वाक्य बसलं नाही, कोण वाचतं, कोण नुसतं ऐकतं, कुणाची शिफ्ट कधी बदलते, कुणाला कुणाशेजारी बसवू नये. त्यात कुणाच्या कागदपत्रांबद्दल किंवा तक्रारीबद्दल एक अक्षरही लिहायचं नाही. शेवटच्या वर्गाला नव्या शिक्षकाला सोबत आणा, त्याला मुद्दाम भरभर बोलायला सांगा, आणि वर्ग त्याला थांबवतो का ते बघा.